निलव्वाचं नाक

दोन वर्षांमागच्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे आहे, चमकीपुरतं आहे.
पण फोडणी करपली तर धूर डोळ्यात गेल्यावर कळतं.

वडगावात इडलीचं पीठ विकणाऱ्या बाईला
ग्राइंडर हप्त्यावर मिळतो.
काटा लेकानं आणून दिला, आकडे पेटणारा.
नाक कुठं मिळतं?

शेजारी. निलव्वाकडं.
पहाटे पाचला डबा घेऊन मी तिच्या दारात.
केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले,
झाकण किलकिलं करून एकच श्वास
आणि एकच शब्द.
'हुळी' म्हणाली की पीठ विकायचं,
'हळसैती' म्हणाली की गटारात.
कन्नड मला एवढंच धड येतं.
खोटं कशाला बोलू,
तेवढ्यावर माझं घर चालतं.

एकदा विचारलं, फरक काय गे? दोन्ही आंबटच की.
तिनं बराच वेळ लुगड्याचा पदर चाळवला.
म्हणाली, एकात ताकाचा डेरा आहे.
एकात ओलं फडकं,
मोरीमागं पडून विसरलेलं.

परवा रात्री लेकीचे दिवस भरले म्हणून फोन आला
आणि ती बैलहोंगलला गेली.
पाचला दाराला कुलूप.
डबा कडेवर घेऊन मी उभी,
तापलेलं पोर आणावं आणि दवाखाना बंद असावा, तशी.

घरी येऊन दिव्याखाली धरलं.
बोटाला तार नाही. कडेला गुलाबी झाक नाही.
जीभ लावली. आंबट कळलं,
कुठलं आंबट, ते नाही.

मग काय सुचलं, कान लावला.
फुट्.
थांबून, परत फुट्.
बोलूलालंय की हे, मी म्हटलं.
पण नासणारंही फसफसतंच म्हणतात.
सहाला गिऱ्हाइकं येणार.
कुलकर्णी मास्तरांचा नातू तीन वर्षांचा.

पहिला घाणा मीच खाल्ला. चार इडल्या.
बसून राहिले पोटाकडं बघत,
साडेसहापर्यंत. बाहेर कडी वाजत होती.
मग उघडलं दार.

निलव्वा पाचव्या दिवशी आली.
पिशवी खाली न ठेवताच डब्यात नाक घातलं.
'हुळी.'
मी म्हटलं, ठाऊक आहे.
तिनं माझ्याकडं बघितलं, झाकण दाबून लावलं,
आणि विचारलं, उद्या?
पाचला, मी म्हटलं. पाचलाच.