लवंगी पुढे निघून गेली

समुद्रपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात
नंदेश्वर डॉक्टरांनी जंताच्या गोळ्यांच्या खोक्यामागे
बॉलपेनने आकडे मांडले.
पहिलं वर्ष म्हणजे आपली पंधरा,
दुसऱ्याची नऊ,
मग दर वर्षाला चार.
"एकाले सात म्हंतेत लोक, ते काही खरं नाही, ताई.
अन् हेही लहान जातीचं कुत्रं असन तरच.
मोठ्याचं मीटर आणखी जोरात पळते."

तेरा वर्षांची लवंगी टेबलावर उभी,
दोन पायलीच्या डब्यात मावेल एवढी.
अडुसष्ट, डॉक्टर म्हणाले.
मी चोपन्न.

परतताना काळीपिवळीत तिला मांडीवर घेऊन
उलटा हिशोब करत बसले.
दळणाचे पैसे तोंडी करायची सवय आहे, जमतं.

प्रणाली नववीत होती तेव्हा हिला नागपूरहून
बुटाच्या खोक्यात घालून आणली.
पुढच्या दिवाळीला दोघीही पंधराच्या,
दोघीही माझं ऐकत नव्हत्या.
त्याच्या पुढच्या दिवाळीला पोरगी सोळा
आणि ही चोवीस.

झाड्यांचा ढाण्या हिच्याच वर्षाचा, वासराएवढा.
नवव्या वर्षी मागचे पाय गेले.
धुऱ्यावर बाभळीखाली पुरताना मोरेश्वर म्हणाला,
"एवढं मोठं जनावर, इतक्या लवकर काऊन?"
काऊन ते मला माहीत नाही.
एकाच दिवशी पेरलेला मूग पोळ्याच्या आगेमागे घरात येतो,
तूर संक्रांतीपर्यंत उभीच असते.
मुगाला कोणी विचारत नाही.

आणि माझं?
आठव्या वर्षी ही अठ्ठेचाळीस, मी एकोणपन्नास.
नवव्याला ही बावन्न, मी पन्नास.
म्हणजे मधल्या कुठल्यातरी दिवशी
आम्ही नेमक्या एका वयाच्या होतो.
हिशोबाने तो फाल्गुनात पडतो.
काय करत होते मी?
चक्कीचा पट्टा तुटला असेल,
लाइट गेली असेल,
बेसनामागून दळलेली ज्वारी पिवळी निघाली
म्हणून कुणीतरी भांडत असेल.
ही दारात बसलेली असणार, अंगभर पीठ.
मूळची लवंगेच्या रंगाची,
पण चक्कीवर रोज संध्याकाळी पांढरी व्हायची,
मी फडक्याने झटकायची.
मिशा खरंच कधी पिकल्या
ते त्यामुळे कळलंच नाही.
एक दिवस झटकलं, आणि पांढरं निघालं नाही.

आता मोटार सुरू झाली तरी तिचे कान हलत नाहीत.
ओट्याच्या पायरीशी येते,
एक पाय वर ठेवते,
आणि काहीतरी आठवत असल्यासारखी थांबते.
आधी मी पटकन उचलून घ्यायची.
आता नाही घेत.

आज सकाळी डबे रांगेत होते,
शेवंताबाईंना बसची घाई.
"थांबा जरा," मी म्हटलं,
"मोठ्या बाई चढून राहिल्या."