अनुभव, वर्षांत

फॉर्मात रकाना आहे: अनुभव, वर्षांत.
म्हादई बोट पेलते ती चार महिनेच.
नऊ पावसाळे गुणिले चार, भागिले बारा.
तीन लिहिलं.

उस्त्यापासून सोनाळपर्यंत
प्रत्येक खडकाला आम्ही नावं ठेवलीत,
त्यातलं एकही मुलाखतीत सांगण्यासारखं नाही.
न्यूझीलंडच्या बाईनं पडद्यावरून विचारलं,
बोट उलटली तर आधी काय?
डोकी मोजतो, म्हटलं.
ती पेन शोधायला लागली.

आता अंगणात ऊन. माझ्या हेल्मेटात
खुडूक कोंबडी बसलीय,
उठवत नाही कुणी.
आई विचारते, तिथं पाऊस कधी लागतो?
पाऊस नाही गे, बर्फ वितळतो. उन्हाळ्यात.

उन्हाळ्यात पूर!
तिनं बांधलेली सोलांची पुडी सोडली,
आणखी मूठभर घातली.