वर्षानंतरचा मासा

पाणी खात्यात तेवीस वर्षं काढली.
माणशी एकशे पस्तीस लिटर, हा हिशेब मी झोपेतही सांगेन.
माशामागे किती, हे मात्र
कुर्ल्याच्या बाजारात, एका रविवारी, पहिल्यांदा विचारलं.

मोईझभाईंनी टाकीचं माप विचारलं.
दोन फूट, एक फूट, एक फूट.
छप्पन लिटर, मी लगेच म्हटलं.
ते हसले. वाळू घालणार? दगड? वर दोन बोटं मोकळी?
मग पंचेचाळीस धरा.
आमच्या खात्यात याला गळती म्हणतात.

ओजस प्रत्येक पिशवीला नाक लावून उभा.
माझ्या भावाचा मुलगा. मे महिन्यात
एका बॅगेसकट आला, थोड्या दिवसांसाठी.
त्याला फायटर हवा, गोल्डफिश हवा,
पट्ट्यापट्ट्यांचे बार्ब हवेत,
आणि तो एंजल, रुपयाएवढा, उभ्या चंद्रकोरीसारखा.

फायटर आरशावरही धावून जातो, भाई म्हणाले, त्याला एकटाच ठेवा.
गोल्डफिश घाण फार करतो, आणि त्याला पाणी थंड लागतं.
बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात.
वाईट नाहीत हो, सवय असते एकेकाची.
मॉलीला जड पाणी हवं, आपलं तानसाचं मऊ.
हे तेवढं मला ठाऊक होतं. मी मान डोलावली.

आणि हा? ओजसचं बोट अजून एंजलवरच.
"हा आज रुपयाएवढा.
मासा आजचा घ्यायचा नसतो, बेटा,
वर्षानंतरचा घ्यायचा."

त्या दिवशी त्यांनी मासा दिलाच नाही.
फिल्टर दिला, क्लोरीन मारायचं औषध दिलं,
आणि सांगितलं, पाच आठवडे रोज
चिमूटभर खाणं टाका, कुणीही नसताना.
ओजस शाळेतून आला की टाकायचा,
न दिसणाऱ्या कुणाला तरी जेवू घातल्यासारखा.
घाग वहिनी विचारून गेल्या, मेले का हो सगळे?

मग आठ निऑन.
सहाच्या खाली गेले की घाबरतात, रंग सोडतात.
तळाला चार छोटे कोरी, वाळूत मिशा खुपसून.
बस्स.

एका शनिवारी खाऊच्या पैशांतून
त्याने एंजल आणलाच, दप्तरातून.
मी रागावायला हवं होतं.
पण तो पाण्यात असा काही वळला,
भरजरी, सावकाश,
की मी चष्मा काढून पुसला आणि गप्प बसले.

गणपतीत निऑन आठ.
घट बसले तेव्हा सात.
कोजागिरीला दिवा लावला तर पाच.
ओजसने तीनदा मोजले.
दुसऱ्या दिवशी भाईंनी एंजल परत घेतला, तळहाताएवढा.
पैसे दिले नाहीत.
बोललेही काही नाहीत, फक्त एक निऑन
वेगळ्या पिशवीत बांधून ओजसच्या हातात ठेवला.

येणारे-जाणारे म्हणतात, एवढी मोठी काच,
अजून दहा सहज मावतील की.
मावतील, मी म्हणते, आणि चहाचं आधण ठेवते.

काल ओजसच्या शाळेच्या पँटचा दुमडलेला काठ उसवला.
जूनमध्ये टेलरला सांगून
चार बोटं कापड आत घ्यायला लावलं होतं.
आता घोट्याच्या वर एक निळी रेघ राहिली आहे,
बाकीच्या कापडाहून गडद.