बावीस नंबर

वीस वर्षं मी मिरकरवाड्यात
मासळीचे फ्रीझर दुरुस्त केले.
नट सैल करायचा, फुस्स होऊ द्यायचं,
दोन पावलं मागं सरून बिडी शिलगवायची,
मग नवा गॅस.
बावीस नंबरला रंग नाही, वास नाही.
गेला तर गेला, कुणाच्या बापाचं काय?

परवा जेटीमागच्या हॉलात प्रशिक्षण लागलं.
नेगोंबोचा रुवन, मालेचा नाझिम,
आणि नेमका माझ्या बाकावर
मलप्याचा वादिराज मेंडन.
त्यांचे ट्रॉलर हद्दीत घुसतात म्हणून
आम्ही रात्र रात्र बॅटऱ्या मारतो, आया-बहिणी काढतो.
तासभर दोघंही फळ्याकडेच बघत बसलो.

मग गॅस ओढायचं मशीन आलं.
नळीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे,
मध्ये सोलकरांचा गंजका फ्रीझर.
काटा हळूहळू शून्यावर टेकला.
सिलिंडर तोलला: दोन किलो तीनशे.
रुवन म्हणाला, वर पोचायला याला वर्षं लागतात.
आणि वर कुणी विचारत नाही,
कुठल्या बंदरावरून आलास.

आठवड्याला चार फ्रीझर, वर्षाला…
मनातला गुणाकार मी अर्ध्यात सोडला.

जेवताना बांगड्याचं तिखलं चाखून
वादिराज म्हणाला, आमच्याकडे आंबट जास्त असतं.
मी म्हटलं, मासा तरी आमचाच ना?
हसला. हद्दीचं भांडण आहे तिथंच आहे.

सिलिंडर आज माझ्या पडवीत उभा आहे.
रात्री उठून दोनदा
त्याची चावी चाचपून आलो.