भुरी

आधी वाटलं, पिठाचा हात लागला असेल कुणाचा.
पण या घरात पोळ्या लाटणारा मी एकटाच,
आणि मी बिगोनियाला हात लावत नाही.

उत्पला रामटेके, तिसऱ्या माळ्यावरची सिस्टर,
डिसेंबरात बदलीवर भामरागडला गेली.
जाताना पाच कुंड्या माझ्या खिडकीत मांडून म्हणाली,
"पाणी तेवढं घाला जी. बाकी काही करू नका."
मी अजनीच्या यार्डात चौतीस वर्षं डबे मोजले.
मोजणं मला येतं.
लाल फुलं अकरा, कळ्या सात,
आणि जानेवारीच्या सहा तारखेला
पांढरा ठिपका, एक.

दुसऱ्या दिवशी चार.
बोटानं पुसले, निघाले. मी खूश.
तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच,
जरा ऐसपैस बसलेले,
लग्न उरकलं तरी न हलणाऱ्या पाहुण्यांसारखे.

भामरागडला दवाखान्यामागच्या टेकाडावर चढलं
की फोन लागतो म्हणे.
चौथ्या खेपेला लागला.
"पांढरं? भुकटीसारखं? भुरी होय ते.
खिडकी उघडी असते ना?"

खिडकी.
नळाचं पाणी बोटांना चावत होतं त्या आठवड्यात.
मी फटींत पेपरच्या घड्या कोंबल्या होत्या,
कुंड्या एकीला एक चिकटवून ठेवल्या होत्या,
ऊब राहावी म्हणून.
(थंडीचंच कारण होतं असं नाही.
रिटायर झाल्यापासून शंटिंगची शिटी
मला बंद काचेतूनच बरी वाटते.)

"काऊन कोंडून ठेवलं त्यायले?" ती हसली.
मग वॉर्डात बोलत असेल तशी बोलली:
दुकानातलं औषध नको, तुम्ही त्याच खोलीत झोपता.
एक वाटी दूध, साय काढून. नऊ वाट्या पाणी.
सकाळी फवारायचं, उजेडात, पानाच्या पाठीवरही.
रात्री पान ओलं ठेवू नका.
दोन कुंड्यांमधून हात गेला पाहिजे.
जास्त माखलेली पानं कापा, कात्री स्पिरिटनं पुसा,
आणि ती पानं दुसऱ्या कुंडीत टाकू नका, काका,
तुम्ही टाकाल.

मी टाकणारच होतो.

सतरा पानं. पेपरात गुंडाळून
गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीत दिली.
इस्त्रीचा फवारा घासून घेतला.
चहा तीन आठवडे कोरा प्यालो,
अर्ध्या लिटरच्या पिशवीत दोघांचं भागत नव्हतं.
खोलीला आंबूस वास. वरच्या गज्जूचं मांजर
सकाळी साताला हजर,
माझ्या आधी खिडकीची कड चाटून साफ.

एवढं करून ठिपके आपले तिथंच.
मला धीर निघेना. कुणीतरी सांगितलं, खायचा सोडा,
लिटरभर पाण्यात अर्धा चमचा, साबणाचा एक थेंब.
यार्डात कुणी अर्धा चमचा मोजत नाही.
मी दोन घातले.
संध्याकाळपर्यंत एका पानाची कड
बिडीनं चटका द्यावा तशी.

मग मात्र सांगितलं तेवढंच केलं.
दर चार दिवसांनी दूध, सकाळचं ऊन,
आणि पेपरच्या घड्या एकेक काढल्या.
पहिल्या रात्री शिटी आली ती थेट उशाशी.
दोन लांब, एक तोकडी.
मी उगाच घड्याळ पाहिलं.
कोण असेल आता ड्यूटीवर.

फेब्रुवारीत देठाच्या बुडाशी
नखाएवढं पान उलगडलं, तांबूस, ओलसर, कोरं.
भिंगातून पाहिलं. दोनदा.
जुन्या पानांवर मात्र खाकी वण राहिले,
ते पुसून निघत नाहीत.

"बरं झालं का?" टेकाडावरून.
वारा होता तिकडे, आवाज तुटत होता.
म्हटलं, बरं म्हणता येणार नाही. पसरायचं थांबलं.
"अहो, इथं आम्ही त्यालेच बरं म्हणतो,"
असं काहीसं ऐकू आलं, आणि फोन गेला.

फुलं आता चार. कळ्या नऊ.
जळक्या कडेच्या पानाचं
अजून बोललो नाही तिच्याशी.
कुंडी फिरवून ठेवली आहे,
ते पान भिंतीकडे.