पोटफोड्या ष

प्रगणक बाई दारात उभ्या, मे महिन्याच्या दुपारी,
हातातला फोन तव्यासारखा.
"आडनाव?"
दुशेन.
"दुसाने?"
दुशेन, बाई. शहामृगातला श.

आधी पाणी दिलं, माठातलं, वाळ्याचं.
मग सांगितलं, बापानं सांगितलं होतं तेवढं:
फ्रेंच आहे. शेन म्हणजे ओकचं झाड.
दु म्हणजे आपला षष्ठीचा प्रत्यय,
त्यांचा आधी येतो, आपला मागून.
कुण्या गावात चार ज्यां होते,
पट्टी वसूल करणाऱ्या कारकुनाला वेगळे ओळखायचे होते.
झाडाजवळचा ज्यां.
एवढंच कूळ.
बाई हसल्या. गळ्यातल्या ओळखपत्रावर
पिंपळापुरे होतं.

पणजोबांचा बाप सुतार.
मिशनच्या शाळेचे बाक करायला आला
आणि ओकचं नाव लावून
जन्मभर आलापल्लीचा साग तासत राहिला.
कामठीला त्याचा दगड आहे.
त्यावरही एक अक्षर कमी.

शाळेत संस्कृतला ओक सर होते,
धंतोलीहून सायकलनं यायचे.
हजेरी घेताना एकदा थांबले.
"अर्थ ठाऊक आहे का रे आडनावाचा?"
म्हटलं, सर, ओकचा.
वर्ग खिदळला.
सरांनी चष्मा पुसला, परत लावला.
"मग रविवारी जेवायला ये."
गेलो. काकूंनी वरण वाढता वाढता विचारलं,
कोणत्या ओकांचा?

गॅसच्या पुस्तकावर मी दुसाने.
वीजबिलावर दुशेण.
मोतीबाग वर्कशॉपच्या पेन्शनीत नुसता डी. सिरिल,
आडनाव तिथवर पोचलंच नाही.
धुळ्याहून दरसाल दुसान्यांच्या मेळाव्याची पत्रिका येते,
ज्ञातिबांधवांस आग्रहाचं निमंत्रण.
गेल्या साली वर्गणी पाठवली, एकशे एक.
पावती आली: श्री. सिरिलराव.

तिकडे हजारो आहेत म्हणे.
नातवानं फोनवर नकाशा दाखवला,
वरच्या अंगाला गर्द, समुद्राकडे विरळ,
रान असतं तसं.
मग बोटानं सरकवत सरकवत नागपूर आणलं.
ठिपकासुद्धा नाही.
"आबा, तुम्ही मावत नसाल," तो म्हणाला.
तुम्ही म्हणाला. बरोबरच आहे,
तो मेश्राम, मुलीचा मुलगा.

"मग या नावाचे घरात किती लिहू जी?"
दोन. मी, आणि बहीण जोसेलिन,
आत कुलरपुढे झोपली आहे.
"मूळ गाव?"
खलाशी लाईन.
"त्याच्या आधीचं?"
म्हटलं, तेच तर सांगत होतो, एक झाड होतं.

बाईंनी अंगठ्यानं टाइप केलं, खोडलं,
पुन्हा टाइप केलं, फोन माझ्याकडे वळवला.
"बघून घ्या बरं."
दुषेन.
पोटफोड्या ष.

राहू द्या, म्हटलं.
आणखी पाणी आणू?