टपालाच्या वाटेनं

सायकल तीच. पुढच्या पिशवीत आता
दुर्बीण, वही, एक उकडलेलं अंडं.
एकतीस वर्षं या वाटेनं मी पत्रं वाटली,
आता नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी
पाखरांची खानेसुमारी करते.

पहिलं तळं अजून भरलेलं.
चांदवे एकशे दहा, कपाळावर पांढरा शिक्का,
जणू पोचते करायचे राहून गेलेत.
एक शेंडीवाली डुबकी. बुडाली.
मी श्वास धरून उभी,
ती भलत्याच दारातून वर आली.

दुसऱ्या तळ्याचं पाणी सोडलंय.
चिखलात मांडीभर बुटांतली माणसं,
जाळ्यात कार्प, नाताळच्या ताटांकडे निघालेले.
कडेनं बगळे, राखी साठ, पांढरे दोनशेच्या आसपास,
पेन्शनच्या दिवशीच्या रांगेसारखे.

झेनोननं थर्मासमधला चहा ओतला.
“आणि ते काळे किती, बोगुमिला?”
पाणकावळे. आकडा वाढला
की त्याला बंदुकीचा परवाना मागता येतो.
तीन वर्षांमागे त्यांनी त्याचं निम्मं तळं खाल्लं.
त्या हिवाळ्यात लुद्विकानं शिवणयंत्र विकलं.
ते माझ्याच घरात आहे.
“अजून मोजतेय,” मी म्हटलं.
मोजून कधीच झाले होते.

बरिच नदीवर खंड्या दिसला नाही.
दिसला नाही, हेही लिहायचं असतं.
बंद गिरणीच्या दारावर पत्रपेटी अजून आहे,
आत वाळलं शेवाळ, दोन पिसं.
उन्हाळ्यात कुणीतरी राहून गेलं,
नवा पत्ता न कळवता.

मग मक्याचं कापलेलं शेत, सात टिटव्या,
आणि धुकं.
क्रौंचांचा आधी आवाज आला,
अख्ख्या गावाची गंजकी फाटकं
कुणी एकदम उघडावीत तसा.
मग लोंबते पाय. मग तेही नाहीत.
वीस-वीसचे गट पाडत गेले,
एकशे चाळीसला चुकले, पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा चुकले.
वहीत लिहिलं: क्रौंच, ऐकले.

वरची एक ओळ कोरीच होती.
पेन्सिल जिभेला लावली.
एकतीस वर्षांत एकही पत्र मी उघडलं नाही,
एकही दडवलं नाही,
वाईट बातमीचं तर हातातच दिलं.

पाणकावळे, तीनशे अठ्ठ्याऐंशी.

परतताना ते डोक्यावरून गेले,
झोपायच्या झाडांकडे, गुपचूप, लांबलचक रांगेत.
मी मान वर केली नाही.